पत्र्यावरचे अकरा दगड

अर्जात एक रकाना होता : छताचा प्रकार.
मी सांगितलं, पत्रा.
पाथरूट मॅडमनी विचारलं, कशानं धरलाय?
म्हटलं, दगडानं.
त्यांनी पेन खाली ठेवलं.

अकरा होते.
दोन फुटक्या जात्याचे, एक सासऱ्यांच्या मागाखालचा,
बाकीचे अक्कलकोट रोडचं काम निघालं तेव्हा
यादगिरीनं सायकलवर एकेक करून आणलेले.
उन्हाळ्यात मध्यरात्रीपर्यंत
त्यांची धग पत्र्यातून खाली उतरायची.

मे महिन्यातली चौदा तारीख, चार वाजून गेलेले.
एमआयडीसीच्या अंगानं आभाळ उठलं
तंबाखूच्या भुकटीच्या रंगाचं.
मी सूप आत घेतलं,
पानांचं ओलं फडकं आत घेतलं.
छत आत घेता येत नाही.

सात दगड आमच्या अंगणात पडले,
तीन गटारीत,
एक मस्तानच्या दारात.
तिथं पाण्याचा ड्रम होता,
त्याची नात नुकतीच तांब्या भरून वळलेली.
ड्रम फुटला.
ड्रमच फुटला,
म्हणून जुलेखा आणि मी अजून एका नळावर उभ्या राहतो.

भिंत दोन थर वाढवायची, नवे पत्रे घालायचे,
म्हणून झोन ऑफिसला तीन खेपा.
कर पावती मेलेल्या सासऱ्यांच्या नावावर.
मग नकाशा नाही.
मग नकाशा आहे, त्यात उंची नाही.
रांगेतली बाई कावली, म्हणाली, खायला मागतात हे.
मी काही बोलले नाही.
चाळीस वर्षं चेकरसमोर बसतेय :
ही जाड, ही वाकडी, हिचं तोंड उघडं,
छाट.
छाट म्हणजे छाट, भांडून मजुरी वाढत नाही.
मी एवढंच म्हटलं, मॅडम,
कुठं उघडं राहिलंय ते दाखवा.

त्यांनी अर्जाच्या पाठीवर काढून दाखवलं.
जे-हुक : पाइपाला खालून कवळणारा आकडा,
वर रबरी वॉशर.
मधे एकाआड एक पन्हाळीत,
कडेला मात्र प्रत्येक पन्हाळीत,
कारण वारा बोट घालतो ते कडेला.
पाइप भिंतीवर नुसता टेकवायचा नाही,
काँक्रीटमध्ये ओतायचा.
म्हणाल्या, तुम्हाला वाटतं छत पडतं.
मावशी, वादळात छत पडत नाही. उठतं.

अजून चार दगड ठेवले असते तर?
त्या हसल्या नाहीत.
माझ्या आज्यानं जन्मभर दगड फोडला, म्हणाल्या.
मला दगडाचं सांगू नका.

येताना रिक्षात बोटांकडे बघत बसले.
दिवसाला हजार विड्या,
एकेकीला दोऱ्याचे वेढे.
कुण्या अनोळखी माणसाच्या ओठात
पाच मिनिटं टिकायची वस्तू
मी बांधून देते.
आणि जिच्याखाली तीन बाळंतपणं झाली
ती नुसती दाबून ठेवली होती.

इरण्णा फॅब्रिकेटरनं दीड दिवसात काम उरकलं.
शिडी खांद्यावर घेऊन निघाला होता.
मी खालूनच मोजले,
मागच्या कडेला दोन आकडे कमी.
छाट, म्हटलं.
तो बघतच राहिला. मग परत चढला.

परवानगीचा कागद
विडी कार्डाच्या डब्यात ठेवलाय,
शिक्का थोडा फिसकटलेला.
एक दगड जुलेखानं नेला, नव्या ड्रमखाली घालायला.
बाकीचे कुठं गेले, मी विचारलं नाही.

परवा रात्री पुन्हा वारं सुटलं.
पत्रा घुमला, हलला नाही.
मी सवयीनं उठले, सूप आत घेतलं.
बघते तर यादगिरीही उठलेला,
अंधारात, अंगणात वाकून,
हातानं चाचपडत
दगड शोधतोय.