शेपूट

मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही फाटक उघडतो.
साउथ डकोटा, मिसूरी नदीचं वळण,
एकतीस जागा, एकतीस नळ,
आणि ऑफिसच्या पायरीखाली माझं लाकडी खोकं.
ड्वेन त्याला 'आर्डिसचं दुकान' म्हणतो.
दुकान कसलं, उसनवारीच सगळी.

संध्याकाळी त्या येतात,
हत्तीएवढ्या गाड्या, झाडांना कुशी घासत.
आत काय नसतं?
फ्रिज, शेगडी, दोन दोन टीव्ही, गरम पाण्याचा शॉवर,
एकाच्या गाडीत तर खोटी शेकोटी होती,
रिमोटने जाळ मोठा होणारी.
आणि अर्ध्या तासाने तोच माणूस
माझ्या दारात, हातात घेवड्याचा डबा:
"फोडायला काही आहे का हो?"

आहे. चार आहेत.
चारही आधीच्या कुणीतरी इथे विसरलेले.

वाइनचे ग्लास आठवतात लोकांना,
सहाच्या सहा, टॉवेलात गुंडाळलेले.
मैल्याच्या नळीसाठी रबरी हातमोजे मात्र नाही.
सहलीची स्वप्नं बघताना
ती नळी कुणाच्या स्वप्नात येत नाही.
आमच्या नळाला जोर फार,
तोंडाशी पितळी बोंडी लावली नाही तर
पाइप तडकतो, शेजारची खुर्ची भिजते, शेजारीण त्याहून जास्त.
चाकाखाली सरकवायच्या फळ्या विसरतात,
मग रात्रभर उशीसकट दाराकडे घसरतात
आणि सकाळी तव्यावरचं अंडं
एका बाजूला जाऊन बसतं, रुसल्यासारखं.
फ्यूज. काड्यापेटी. कपड्यांचे चिमटे.
सगळं खोक्यात आहे. नाव लिहून न्या,
परत आणा, नाही आणलं तरी
पुढचा कुणीतरी विसरून भर घालतोच.

मागच्या ऑगस्टमध्ये व्हर्लिन हॉगन आला, बायको लव्हॉन.
पन्नास वर्षं गहू केला, ट्रॅक्टर विकला, गाडी घेतली.
आणि यादी! तीन पानी, टाइप केलेली,
वर प्लॅस्टिक चढवलेलं,
प्रत्येक ओळीपुढे लव्हॉनची बारीक बरोबरची खूण.
फळ्या? आहेत. बोंडी? दोन.
हातमोजे? त्याचे निराळे, माझे निराळे.
मी हात हलवत परत आले.
खरं सांगू, थोडा अपमानच वाटला.

रात्री दहाला दारावर टकटक.
व्हर्लिन, टोपी हातात, नजर पायपुसण्यावर.
बराच वेळ काही बोलेना.
मग म्हणाला, "जेवण साडेपाचलाच उरकलं.
नंतर आम्ही दोघं बसलो.
बसायचं कसं, ते काही आम्हाला...
पत्ते आहेत का?"

होते. एक्कावन्न.
इस्पिकची सत्ती कुठल्या उन्हाळ्यात गेली, देव जाणे.
तसं मी त्याला सांगितलंही.
चालेल म्हणाला.

एकोणीस नंबरचा दिवा दोनपर्यंत जळत होता.
मध्ये एकदा बाई हसली,
ती इतकी मोठ्याने हसत असेल
असं तिच्या खुणांवरून वाटलं नव्हतं.

सकाळी कॅट माझ्या पायरीवर ठेवलेला.
मोजले. बावन्न.
मक्याच्या पोह्यांच्या खोक्यातून कापलेला एक तुकडा,
मागच्या बाजूला कोंबड्याची अर्धी शेपटी,
पुढे निळ्या पेनाने सात इस्पिक,
सातवं जागा पुरेना म्हणून तिरकं.

तोवर गाडी फाटकापाशी पोचली होती.
मी गाऊनवरच धावले, दोन्ही हात हलवत.
त्यांना वाटलं, निरोप देतेय,
लव्हॉनने काचेतून छान हात केला.
"अरे अँटेना! टपावरचा अँटेना!"
मी ओरडत होते,
आणि तो तसाच उभा, ताठ,
कॉटनवुडच्या खालच्या फांदीकडे निघालेला.
यादीत नव्हता तो.
आता माझ्या खोक्यात आहे, थोडा वाकलेला.
कुणाला लागला तर सांगा.