मागच्या पानावरचा नंबर

कानोच्या बाजारात, कांद्याच्या पोत्यांशेजारी
माझी पुस्तकं सुतळीनं बांधून विकतात.
सतरा झाली. प्रत्येकात एक मुलगी
तिसऱ्या प्रकरणात 'नाही' म्हणते.

मला चौदाव्या वर्षी कुणी विचारलंच नव्हतं.

लिहिते शाळेच्या वहीत, चटईवर पालथी पडून.
हरमटान वाऱ्याची धूळ ओळींत शिरते,
जनरेटर बंद पडला की नायकही थांबतो
दारातच, चपला हातात घेऊन.
त्याचा चेहरा मला अजून माहीत नाही;
हात मात्र तलातूच्या भावाचे,
पिठाच्या गिरणीवर सुटे पैसे मोजून देणारे.
एकदाच. बोटाला बोट न लागता.

पुस्तकामागं माझा फोन नंबर छापतात.
काल रात्री दोन वाजता एक पोरगी, कुजबुजत:
"हाजिया, तिसरं प्रकरण वाचलं.
'नाही' म्हटल्यावर
पुढं काय करायचं असतं?"

मी सगळ्या वह्या आठवल्या.
चौथं प्रकरण मी दरवेळी
लग्नाच्या ढोलांनी बुजवत आलेय.

"थांब," म्हटलं, "फोन ठेवू नकोस,"
आणि अंधारातच
पेनाचं टोपण दातानं काढलं.