चावी नंबर सतरा

अजमान, नुऐमिया. सकाळचे साडेसात,
उन्हाला अजून दात फुटायचेत.
माझ्या पर्समध्ये तेवीस चाव्या, तेवीस मालक,
आणि त्यातल्या एकोणीस जणांनी
आपलं घर अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

मी पाहते. त्याचेच पैसे घेते.

नळ सोडून मनात तीसपर्यंत मोजते,
आधी गंज येतो, मग पाणी.
एसीच्या जाळीवरून बोट फिरवते.
लिफ्टमधल्या कार्डावर शेवटच्या सर्व्हिसची तारीख वाचते.
तळमजल्यावरच्या किराणावाल्याला विचारते,
या इमारतीतले लोक उधारी किती दिवसांनी फेडतात.
हे कुठल्या कागदावर नसतं.
कागदावर असतं: समुद्रदर्शन.
समुद्र आहे. न्हाणीघराच्या झडपेतून,
बादली पालथी घालून वर उभं राहिलं तर,
दोन इमारतींच्या मधे
चिंधीएवढा.

सतरा नंबरचे मालक चौगुले, इचलकरंजीचे.
माणूस सरळ. सोळा माग भंगारात काढले
आणि हॉटेलातल्या प्रदर्शनात, चहा-बिस्किटावर,
नकाशातला निळा रंग बघून सही केली.
दर महिन्याच्या पाच तारखेला फोन:
"ताहिराबाई, सगळं ठीक ना?"
चेक वटत होते, म्हणून दोन वर्षं मी म्हणत आले, ठीक.
ती माझी चूक.
चेकला वास येत नसतो, घराला येतो.

करार एका कुटुंबाचा: नवरा, बायको, एक मूल.
दारात चपलांचे अकरा जोड.
हॉलमध्ये प्लायवूडच्या भिंती, एका खोलीची तीन बोळं,
दुमजली खाटा, एका पिनेवर चार चार्जर,
बाल्कनीच्या दाराला आडवं कपाट.
आग लागली तर बाहेर पडायची वाट एकच
आणि तिच्यात गॅसचा सिलिंडर.
लिहून घेतलं. फोटो काढले. सात, आठ, नऊ.
मुलं भिंतीला लागून उभी राहिली
शाळा तपासायला साहेब आल्यासारखी.

खाट नंबर चारला पडदा.
जाड, बिनरंगाचं, कोरं कापड.
हात लावला, तर दर वितीला एक धागा चुकलेला.
"कुठल्या दुकानातून घेतलंस?" मी हिंदीत विचारलं.
तो मराठीत म्हणाला, "घरचं आहे.
आमचे दादा मागावर होते. नऊ नंबरचा माग असाच,
वितीला एक धागा सोडायचा.
मालक ओरडायचे, दादा म्हणायचे, मिस्त्री बोलवा की.
माग निघाले त्या दिवशी मालकांनीच तागा दिला,
म्हणाले, न्या, हा आता विकणार कुणाला."
"गाव कुठलं?"
त्यानं सांगितलं.
मालकाचं नाव मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं, पाहणीच होती ती.
त्याच्या लेखी या घराचा मालक म्हणजे करारावरचा तो नवरा,
जो एक तारखेला येतो, रोख मोजून घेतो
आणि बूट न काढता जातो.

संध्याकाळी अहवाल लिहिला.
सर्व्हिस चार्ज थकीत नाही. गीझर चालू.
करारभंग आहे. कपाट आणि सिलिंडर आजच हलवायला लावले.
अकरा जणांना कुठे हलवायचं,
त्याला रकाना नाही.
फोटो चौदा: पडदा. खाली मी काहीच लिहिलं नाही.

दोन निळ्या खुणा.
मग "टाइप करत आहेत". थांबलं. पुन्हा.
इशाची अजान झाली, भांडी घासून झाली,
मुलीच्या गणिताच्या वहीवर सही केली.

सव्वाअकराला, म्हणजे तिकडे पाऊण वाजला असणार,
एवढंच आलं:
"वितीला एकच ना?"