खाच

पंधरा मिलिमीटरची खाच,
अर्ध्या चकतीच्या सरळ कडेला, बरोब्बर मध्यावर.
करवतीवर पाणी सोडत इरण्णा म्हणतो,
'आधी आपणच चिरायचं मॅडम,
मग बघायचं कसं तडकतंय ते.'
हो. चीर येणार
हे धरूनच चालते ही चाचणी.

नमुने पंचवीस अंशांवर ठेवलेत.
बाहेर होटगी रोडवर त्रेचाळीस.
सबंध प्रयोगशाळेत गारवा फक्त डांबराला;
पेटीचं दार आम्ही मुद्दाम
जरा हळूच लावतो.

खाली दोन टेकू, वरून दांडा.
मिनिटाला पन्नास मिलिमीटर.
पडद्यावर रेघ चढते
आणि ठेकेदाराचा श्रीशैल खुर्चीतून उठतो:
'साडेपाच? मजबूत आहे की हो माल!'
तेवढ्यात रेघ
कोसळते.
आवाज ऐकून इरण्णाला डबा आठवतो:
कडक भाकरी.

जुना रस्ता खरवडून निम्मा घातलाय ह्यात.
वीस उन्हाळे भाजलेलं डांबर,
ताकद आहे, वाकणं गेलंय.
श्रीशैलला शिखर दिसतं. मी उतार मोजते.

माझे वडील, राजेशम, चादरीच्या मागावर होते.
सूत दोन बोटांत धरून ओढायचे, कानाशी नेऊन.
व्यापारी म्हणायचा, जाड आहे.
जाडीचं कोण विचारतंय, ते म्हणायचे,
तुटायच्या आधी थोडा विचार करतं का
ते सांग.

दुसरी चकती.
रेघ कशीबशी तीनपर्यंत जाते,
मग उतरते,
भरली घागर घेऊन कुणी जिना उतरावा तशी.
चीर खडीपाशी थांबते, वळसा घेते,
पुढच्या खड्याला वाट विचारते.
इरण्णा चहा ओतायचा थांबलाय.

पहिलीला दीड, दुसरीला नऊ.
'दीडचे तीन नाही व्हायचे?' श्रीशैल हळू विचारतो.
मी त्याच्या हातात दोन तुकडे देते.
तो ते जोडून बघतो. बसतात अगदी नीट.
खिशाला हात पुसतो, डाग राहतो.

संध्याकाळी इरण्णा फाट्यावर गाडी थांबवतो.
चाकांच्या वाटेत केसाएवढी रेघ,
मागच्याच दिवाळीत केलेल्या रस्त्यावर.
चपलेचा अंगठा तिच्यावर ठेवून विचारतो,
'इथं खाच कुणी पाडली, मॅडम?'

सिमेंटचा बल्कर येतो.
आम्ही कडेला होतो.