रुमाल क्रमांक एकोणचाळीस

टेम्पोवाला म्हणाला, वजन हळदीच्या पोत्याएवढंच,
फक्त वास वेगळा.
सतरा पेट्या. एकीला कुलूप, किल्ली हरवलेली.
विश्रामबागेतल्या बंगल्यातून गावभागात,
आमच्या अभिलेखागाराच्या पायरीपर्यंत,
बाबगोंडा मगदूम, माजी राज्यपाल,
असे तीन खेपांत आले.

पोच मी लिहिली :
'स्थिती बरी. कडा कसरीनं खाल्लेल्या.'
राजभवनाचा कागद उजेडापुढं धरला की सिंह दिसतात,
टेबलावर ठेवला की नुसता कागद.

पाच वर्षं माणूस राजभवनात राहिला
की मागं हे उरतं :
अध्यादेशांच्या प्रती, कुलगुरूंच्या नेमणुका,
मध्यरात्री आलेली आमदारांची यादी,
सह्या चाळीस, शाई एक, आणि हातही बहुतेक एकच;
माळ्याच्या रजेचा अर्ज,
आणि धोब्याचं बिल, त्यावर शेरा :
'हे सरकारनं का भरावं? मी भरतो.'

दस्तगीर मुल्ला मागच्या खोलीत खळ शिजवतो.
मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद.
मी वाचत नाही, नुसतं चिकटवतो, असं तो सांगतो.
पण कधी कधी त्याचा ब्रश हवेतच थांबतो.

त्याच श्रावणात आयर्विनच्या खांबावर आकडा चढला.
तो चढेल तशा आम्ही पेट्या चढवल्या,
पहिला मजला, दुसरा, मग माळा.
तरी चार भिजल्या.
पाणी उतरल्यावर वसंतदादा मार्केटजवळच्या एका गोदामात
दोरीवर एक राज्य वाळत घातलं.
ती पानं अजून पिवळी आहेत.
चाळताना बोटं पिवळी होतात,
घरी भाकरी मोडताना लक्षात येतं.

एकोणचाळीसचा खारवा सोडला तो त्यानंतर.
शिक्षामाफीचे अर्ज.
एका आईचा, तिकडच्या लिपीत,
मला एक अक्षर लागत नाही.
सोबतचं भाषांतर पुरात गेलं.
वर टंकलिखित, इंग्रजीत :
मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार नामंजूर. सही. शिक्का.
आणि खाली, समासात, पेन्सिलीनं, मराठीत :
'सही केली. हात माझा होता का, कोण जाणे.
बाई फाटकाबाहेर अजून उभी आहे.'

तिथं कुणाला वाचता येऊ नये
म्हणून मराठीत लिहिलं असणार.
आणि इथं
वाचता येतं ते तेवढंच.

लेक आल्या, पद्मजाताई. छत्री दाराशी ठेवली.
एवढं एक पान द्या, म्हणाल्या.
बाकी सगळं तुमचं. लोक काय म्हणतील,
मनात एक आणि सहीत एक?
मी दानपत्र काढलं. त्यावर त्यांचीच सही, निळी, ठसठशीत.
वाटल्यास तीस वर्षं मोहरबंद ठेवता येईल, म्हटलं.
तशी सोय आहे नियमात.
काढून देण्याची नाही.

त्या बराच वेळ बसल्या.
आत खळ करपल्याचा वास आला, दस्तगीर धावला.
मग म्हणाल्या, बघू तरी.

पान त्यांनी धरलं, उजेडापुढं नाही, डोळ्यांजवळ.
आमचं अक्षर असंच, म्हणाल्या, उतरतं.
आई ओरडायची, ओळ सरळ लिहा.
मोहरबंद करायचं का, मी विचारलं.
त्यांनी वाचकांची वही ओढली,
नाव, गाव, वेळ,
'प्रयोजन' या रकान्यात
काहीतरी लिहून खोडलं, मग लिहिलं : वाचन.
छत्री विसरल्या.

सूचीत मी नोंद केली :
अर्ज, एक पान, अर्जदार स्त्री, नाव वाचता आलं नाही.
ती लिपी येणारं कुणी मिरजेच्या रेल्वे वसाहतीत मिळेल का,
दस्तगीर रविवारी विचारून येणार आहे.
तोवर त्यानं खारव्याची गाठ सैल ठेवलीय.
कुठल्या फळीवर, विचारलं त्यानं.
वरच्या.
पाणी तिथवर आलं नव्हतं,
गेल्या वेळी.