हातचा

दोह्यात, समुद्राकडे तोंड केलेल्या हॉटेलच्या
तळघरात आमची लाँड्री. खिडकी नाही.
वर ऊन आहे की रात्र
हे कपड्यांवरून कळतं.
घामाचे सदरे आले की दुपार,
अत्तराचे आले की मध्यरात्र.

त्या आठवड्यात परिषद होती.
अकराव्या मजल्यावर एक पंतप्रधान उतरले होते,
त्यांचा देश मला नकाशात चटकन सापडला नाही.
त्यांचा काळा कोट खाली आला, चिठ्ठी लावून :
पहाटे पाचपर्यंत हवा.

खिसे तपासायचे, हा पहिला नियम.
आतल्या खिशात बोटं घातली
तर हाताला लागली कागदाची पुडी,
मेडिकलवाला अर्धी गोळी बांधून देतो तेवढी.
उघडली. दात.
दुधाचा, बहुतेक खालचा,
मुळाशी सुकलेला एक लाल ठिपका.

पुडीचा कागद गणिताच्या वहीतला.
अक्षरं ओळखू येईनात, पण आकडे आपलेच :
सत्तेचाळीस वजा एकोणतीस, बरोबर बावीस.
हातचा घ्यायचा राहिला होता.

फथी, आमचा मिसरी सुपरवायझर, म्हणाला,
आमच्याकडे दात सूर्यावर भिरकावतात,
गाढवाचा घे म्हणतात, हरणाचा दे.
बाणकोटला आम्ही कौलांवर टाकायचो.
दिलमाया नेपाळची. तिनं काही सांगितलं नाही.
पुडीकडे बघत राहिली,
मग टॉवेल मोजायला लागली
परत पहिल्यापासून.

नोंदवहीत तीन रकाने :
वस्तू, मालक, अंदाजे किंमत.
दोन भरले. तिसऱ्यापाशी पेन थांबलं.
शून्य लिही, फथी म्हणाला.
मी रेघ मारली.

भिंतीवरच्या टीव्हीत तेच गृहस्थ बोलत होते.
आवाज आम्ही बंदच ठेवतो.
खालून पट्टी सरकत होती,
वाढ इतके टक्के, कर्ज इतके अब्ज.
अंगात दुसरा कोट होता, राखाडी.
बोलता बोलता त्यांचा उजवा हात
छातीच्या डाव्या बाजूला जायचा,
आत शिरायचा,
रिकामा बाहेर यायचा.
समोरच्यांना वाटलं असेल, देशावर केवढं प्रेम!
दोनदा तर टाळ्या पडल्या.

सुमैयाचे पुढचे दोन्ही दात मी फोनवर पाहिले,
म्हणजे नव्हते ते पाहिले.
ती हसली आणि नेटवर्क गेलं.
नंतर कधीतरी नीट दिसली तेव्हा नवे आले होते,
मोठे, करवतीच्या कडेचे,
जरा माझ्या आईवर गेलेले.
मधले सात महिने कुणाच्या खिशात राहिले
कोण जाणे.

अडीचला लाँड्रीचा फोन वाजला. अकरावा मजला.
सेक्रेटरी नव्हता.
माईक नसलेला आवाज, माझ्याइतकंच मोडकं इंग्रजी :
कोटात काही होतं का?
आहे, सर.
बराच वेळ नुसता त्यांच्या खोलीतला एसी ऐकू आला.
कागद फेकला नाहीत ना?
नाही, सर.
तिनं तपासायला दिलाय, म्हणाले,
आणि फोन ठेवला.

मी सांगणार होतो, साहेब, अठरा.
सातातून नऊ जात नाहीत,
शेजारच्या घरातून दहा आणावे लागतात,
ते घर तेवढं कमी होतं.
पण माणसाला हे अडीच वाजता सांगतात का?
कोट इस्त्री करून हँगरला लावला.
पुडी पाकिटात, पाकीट त्याच खिशात,
बटण लावून.

घरी पाच वाजले होते. तरी फोन लावला.
नसीम घाबरून उठली, काय झालं?
काही नाही. सुमैयाचे दात काय केलेस?
कुठले दात?
दुधाचे.
आता? या वेळेला?
मग कूस बदलल्याचा आवाज, मग जांभई.
टाकले की कौलांवर, म्हणाली.
एक पन्हळीत अडकलाय.
तुम्ही आल्यावर काढा.