सेल बदलू नका

विश्रामबागेच्या शोरूममध्ये नवा होता:
हजार टोन, पेनड्राइव्ह, पडद्यावर नुसतं बोट फिरवायचं,
हप्ता महिना एकवीसशे.
हलगीसुद्धा होती त्यात,
इतकी स्वच्छ, की कुणी हातच लावला नसावा.

मी कुपवाडला गेलो, दस्तगीर नदाफांकडे.
कॉटखालून त्यांनी कीबोर्ड ओढला,
लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला.
फ्लॉपीची फट चिकटपट्टीनं बंद,
वरची काळी चार दाबली की दबूनच राहते,
पट्ट्यांच्या सांदीत हळद,
बावीस लग्नसराईंची.

"सदतीस नंबर दाबा."
हलगी.
शेकलेली, ताणलेली, अजून गरम,
आणि चौथ्या ठोक्याला मागं
कुणीतरी खोकतंय.
"आमचा भगवान. कवलापुरात, गोठ्यात भरून घेतलेला.
खोकला काढायचा राहून गेला."

सात म्हणाले, सहाला तुटलं.
पैसे दोनदा मोजले, मग हळूच:
"आतला सेल तेवढा बदलू नका.
काढला की सदतीस नंबर कोरा."

आता वरातीत बटण दाबलं
की आधी अक्षरं येतात: बॅटरी संपत आली.
पोरं म्हणतात, काका, नवा घ्या.
घेईन की.
हप्त्याचा फॉर्म खिशात आहे, घामानं मऊ झालेला.
मोबाइलवर उतरवून बघितली हलगी,
ऐकू येते, बोटाखाली येत नाही.

तासगाव नाक्यावर नवरदेवाला खांद्यावर घेतात,
मी सदतीस दाबतो,
आणि अख्खी वरात
चौथ्या ठोक्याला उडी घेते
भगवानच्या खोकल्यावर.